पुढून खडखड येते? गाडी गॅरेजला टाकण्याआधी एवढं करून बघा

आमची एर्टिगा २०१३ची, डिझेल. आरसी २०२८पर्यंत आहे आणि तोवर ती विकायची नाही, हे घरात ठरलेलं आहे. राहायला कराड, माझं माहेर चिपळूण, त्यामुळे पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली घाट चढणं-उतरणं वर्षभर चालूच असतं. कधी गाडीत सात माणसं, कधी मागची सीट पाडून आंब्याच्या पेट्या. अशा गाडीचं पुढचं सस्पेन्शन दहा-बारा वर्षांनी कुरकुरायला लागलं तर त्यात नवल काही नाही. रबर नुसत्या किलोमीटरने झिजत नाही, वयानेही कडक होतं आणि तडकतं. त्यामुळे ‘आमची गाडी फार फिरलेली नाही’ याला इथे काही अर्थ नाही.

गाडी बहुतेक वेळा मीच चालवते. पण गॅरेजमध्ये गेलं की मिस्त्री प्रश्न विचारतो यजमानांना, आणि यजमान सांगतात, “पुढून आवाज येतो.” एवढ्यावर मिस्त्री तरी काय करणार? एका गॅरेजवाल्याने अशीच एक चक्कर मारली आणि येऊन सांगितलं, दोन्ही शॉकअप गेलेत. शॉकअप कोरडे ठणठणीत होते. वाजत होता लिंक रॉड, म्हणजे शॉकअपच्या खांबाला स्टॅबिलायझरशी (गाडीला वळणावर झुकू न देणाऱ्या आडव्या दांड्याशी) जोडणारा छोटा दांडा. शॉकअपची जोडी हजारांत जाते, लिंक रॉड काहीशे रुपयांत येतो. तेव्हापासून माझा नियम आहे की कुठलाही पार्ट बदलायची गोष्ट निघण्याआधी आवाज हाताला लागला पाहिजे. म्हणजे उभ्या गाडीत अमुक एक सांधा हलवला आणि रस्त्यावर ऐकलेला तोच आवाज आला, असं झालं पाहिजे. तोवर खरेदी नाही.

आधी गाडी रिकामी करा

डिकीतलं, दारांच्या खिशांतलं, डॅशबोर्डच्या कप्प्यातलं सगळं बाहेर काढा. बंद गाडीत आवाजाची दिशा कानाला नीट कळत नाही. मागचा आवाज पत्र्यातून पुढे येतो आणि डावीकडचा उजवीकडे ऐकू येतो. जॅक आणि पाना आपापल्या जागी घट्ट आहेत का, स्टेपनी आवळलेली आहे का, बघून घ्या. तिसऱ्या रांगेत कोणी नसलं की तिथल्या सीटबेल्टचं बक्कल बाजूच्या प्लॅस्टिकवर टकटक आपटतं आणि थेट लिंक रॉडसारखं वाजतं. मग बॉनेट उघडून बॅटरी हाताने हलवा. तिची पट्टी सैल असेल तर प्रत्येक खड्ड्यात ठक्क होतं. इंजिनखालचं कव्हर, चाकावरचं प्लॅस्टिकचं अस्तर, पुढची नंबर प्लेट, सगळ्यावर एकेक थाप मारून घ्या.

चाकांचे नट पान्याने तपासा, नुकतंच पंक्चर काढलं असेल तर नक्कीच. टायरच्या बाजूला कुठे फुगा आलाय का बघा आणि हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. ‘लांबचा प्रवास आहे, चार पॉइंट जास्त भर’ म्हणणारे खूप भेटतात. तेवढ्याने गाडी दगडासारखी आपटते आणि आपण सस्पेन्शनला दोष देत बसतो.

हे झालं की वॉशिंग सेंटरवर गाडी खालून धुऊन घ्या. आमच्याकडे पावसाळ्यानंतर खालच्या बाजूला लाल चिखलाचा जाड थर बसलेला असतो, त्याखाली काही दिसत नाही. धुतल्यावर थोडे दिवस गाडी नेहमीसारखी वापरा आणि मग टॉर्च घेऊन खाली डोकवा. जिथे लोखंड लोखंडावर घासतंय तिथे ताजी चमक दिसते, नाहीतर गंजाची लालसर पूड साठलेली असते.

कधी वाजतं ते कागदावर लिहा

कसं वाजतं यापेक्षा कधी वाजतं हे महत्त्वाचं. खडखड, कटकट, ठक्क हे शब्द प्रत्येक जण आपापल्या परीने वापरतो; प्रसंगाबद्दल मात्र वाद होत नाही. वेग किती होता, रस्ता कसा होता, ब्रेकवर पाय होता का, स्टिअरिंग वळलेलं होतं का, गाडी सकाळी पहिल्यांदा काढलेली की तासभर चाललेली, पाऊस होता की ऊन, हे लिहा. शक्यतो गाडी दुसऱ्याला चालवायला द्या आणि तुम्ही डावीकडे काच खाली करून बसा. एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीला लागून दहा-पंधराच्या वेगाने गाडी नेली की त्या बाजूचा आवाज भिंतीवरून परत येतो आणि डाव्या-उजव्याचा निकाल लागतो. उजव्या बाजूसाठी तीच भिंत धरून उलट्या दिशेने या, पण गल्ली रिकामी असताना.

आता प्रसंगांकडे.

हळू वेगात बारीक खडबडीत रस्त्यावर, पेव्हर ब्लॉकवर, उखडलेल्या डांबरावर सतत हलकी खडखड येते आणि वेग वाढला की कमी वाटते, तर पहिला संशय स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडवर. दुसरा स्टॅबिलायझरच्या रबरी बुशवर, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरी कड्यावर. एका बाजूचंच चाक खड्ड्यात गेलं की हा आवाज जास्त येतो. दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढली तर जवळपास येतच नाही, कारण तेव्हा दांड्याला पीळच बसत नाही. लक्षात ठेवण्यासारखी खूण आहे ही.

मोठ्या खड्ड्यात एकच ‘धप्प’ येते, तर स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाचं) वरचं माउंटिंग किंवा शॉकअप. गतिरोधक उतरल्यावर नाक दोन-तीनदा खाली-वर होत असेल तर शॉकअपकडे जास्त बोट जातं.

ब्रेक दाबताना एकदा ठक्क, सोडताना किंवा रिव्हर्स घेताना पुन्हा ठक्क, हे लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या लोखंडी हाताच्या) बुशचं लक्षण. ब्रेक लागला की चाक मागे ओढलं जातं, रबर फाटलेलं असलं की सगळा आर्म सरकतो आणि जाऊन आदळतो. अशी गाडी ब्रेकमध्ये एका बाजूला किंचित ओढतेसुद्धा. मात्र ठक्क फक्त क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना येत असेल आणि रस्त्याशी त्याचा संबंध नसेल, तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार, बघा. डिझेल इंजिन जड आणि थरथरणारं, त्याची माउंटिंगं थकतात.

जागेवर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगचा ‘टंग’ असा आवाज येऊन स्टिअरिंगला झटका बसला तर स्ट्रटच्या डोक्यावरचं बेअरिंग अडकतंय. स्प्रिंग वळायला हवी तेव्हा वळत नाही, ताण साठतो आणि मग एकदम सुटते.

घाटातल्या यू वळणावर, स्टिअरिंग पूर्ण वळवून चढताना टक-टक-टक असा चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा आवाज आला, तर तो ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या जॉइंटचा. चाकामागचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसलं की प्रकरण तिथेच मिटलं. ओम्नी किंवा ईको असेल तर हा परिच्छेद विसरा. त्यांची मागची चाकं ओढतात, पुढे हा जॉइंटच नाही.

साठच्या पुढे घूंऽऽ असा एकसुरी आवाज, आणि लांब वळणावर तो कमी-जास्त होतो: बहुतेक व्हील बेअरिंग. पण लाटा पडलेल्या टायरचाही अगदी असाच येतो. पुढचे टायर मागे टाका; आवाजही मागे गेला तर बेअरिंगचे पैसे वाचले.

उरली कुरकुर. सकाळी, कोरड्या हवेत, हळू वेगात येते आणि पावसात गायब होते, ती कोरड्या पडलेल्या रबराची. साबणाच्या पाण्याची स्प्रे बाटली घ्या, एका वेळी एकाच बुशवर मारा आणि बॉनेटचा कोपरा दाबून ऐका. ज्याच्यावर मारल्यावर आवाज थांबला तो चोर. ऑइल, डिझेल, ग्रीस रबरावर कधीच लावू नका. चार दिवस शांतता मिळते, मग रबर फुगतं आणि बुश कायमचा जातो. ‘जरा ऑइल मारून देतो ताई’ म्हणणाऱ्या माणसाला मी गाडीला हात लावू देत नाही.

आणखी एक चाचणी सुरुवातीलाच उरकून घ्या. खडबडीत रस्त्यावर वीसच्या वेगात आवाज येत असतानाच ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवा, गाडी हळू न होण्याइतका. खडखड लगेच थांबली तर ब्रेकचे पॅड नाहीतर कॅलिपर सैल वाजतंय. लोक यातच लोअर आर्म बदलून बसतात.

उभ्या गाडीची तपासणी

सपाट जागा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. पुढची चाकं सरळ. आधी प्रत्येक कोपरा जोरात दाबून सोडा. नाक वर येऊन एकदा बसलं की थांबायला हवं, झुलत राहिलं तर शॉकअप संपला. झुललं नाही म्हणून तो चांगलाच आहे असंही नाही, म्हणून स्ट्रटच्या अंगावर हात फिरवा. धुळीचा पातळ तेलकट पापुद्रा चालतो. ओलं, निथळणारं तेल आणि त्यावर चिकटलेला चिखल असेल तर बदलायची वेळ झाली.

मग लिंक रॉड. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे चाकामागे हात जायला जागा होते. करंगळीएवढ्या जाडीचा, दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असलेला उभा दांडा दिसेल. वरचं टोक स्ट्रटला, खालचं आडव्या स्टॅबिलायझरला. मुठीत धरून जोरात पुढे-मागे, वर-खाली हलवा. चांगला लिंक रॉड स्वतःभोवती किंचित फिरतो पण वाजत नाही. गेलेला कट्-कट् करतो, आणि तो खडखडाट तुम्ही गाडीत बसून ऐकलेलाच असतो. आमच्या गाडीत डावीकडच्या खालच्या जॉइंटच्या रबरी टोपीला केसाएवढी चीर होती. टोपी दाबली की तिच्यातून तांबूस पाणी यायचं. ग्रीस केव्हाच धुऊन गेलेलं, आत नुसता गंज.

हे बघताना दोन्ही पुढची चाकं जमिनीवर हवीत, नाहीतर दोन्ही हवेत. एकच चाक उचललं तर स्टॅबिलायझरला पीळ बसतो, लिंक रॉड ताणला जातो आणि झिजलेला असूनही घट्ट लागतो. गॅरेजमध्ये एक चाक जॅकवर घेऊन ‘लिंक रॉड ओके’ म्हणतात, ते याच कारणाने फसतं. हाताला काही कळलं नाही तर शेवटचा उपाय म्हणजे दोन्ही बाजूंचे लिंक रॉड काढून ठेवायचे, स्टॅबिलायझरची टोकं कुठे आपटत नाहीत ना ते बघायचं आणि घराजवळच्याच त्या रस्त्यावर पंधरा-वीसने एक फेरी मारायची. आवाज गेला तर लिंक रॉड किंवा दांड्याचे बुश. तसाच राहिला तर ते निर्दोष. या अवस्थेत गाडी वळणावर जास्त झुकते, म्हणून हायवेला किंवा घाटात नेऊ नका.

पुढच्या चाचणीला मदतनीस लागतो. आमच्याकडे हे काम सासूबाई करतात. त्यांना गाडी येत नाही, पण स्टिअरिंग डावी-उजवीकडे चार बोटं हलवत राहायला लायसन्स लागत नाही. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, चाकं जमिनीवर. त्या स्टिअरिंग झटक्याने हलवतात आणि मी खाली हात घालून आळीपाळीने टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक), रॅकचा (स्टिअरिंगच्या आडव्या यंत्रणेचा) आतला जॉइंट, लोअर आर्मचा बॉल जॉइंट यांच्यावर बोटं ठेवते. झिजलेल्या सांध्यात धक्का बोटांना स्पष्ट कळतो. बाहेर काहीच लागलं नाही आणि कटकट स्टिअरिंगच्या खांबातूनच येत असेल, तर पायाजवळचा जोड तपासायला सांगा. आता बॉनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या टोकावर तळवा ठेवा आणि पुन्हा स्टिअरिंग फिरवायला सांगा. बेअरिंग खराब असेल तर घरघर हाताला जाणवते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बोटं घालायची नाहीत, पदर-ओढणी-सैल बाह्या इंजिनपासून लांब.

जॅकवर

इथे घाई नको. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक घट्ट. उचलण्याआधी चाकाचे नट किंचित सैल करायची गरज नाही, चाक काढायचं नाहीये. गाडी उचलली की चेसिसच्या पक्क्या जागेखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग जाता कामा नये. स्टँड नसेल तर हा भाग गॅरेजच्या लिफ्टवर करा आणि शेजारी उभं राहून बघा.

चाक वर-खाली, म्हणजे घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून आत-बाहेर हलवा. प्ले, म्हणजे सैलपणा, लागला की आतून कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. मग ९ आणि ३ वर धरून हलवा. इथे प्ले असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅकचा आतला जॉइंट. गिअर न्यूट्रलला घेऊन (हँडब्रेक आणि गुटके तसेच ठेवून) चाक हाताने फिरवून बघा, बेअरिंग खराब असेल तर फिरवताना स्प्रिंगवर बोट ठेवलं तरी खरखर कळते.

नंतर टॉमी (छोटी लोखंडी पहार), नाहीतर लांब जाड स्क्रू-ड्रायव्हर. लोअर आर्म आणि चाकाचा नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) यांच्यामध्ये टेकवून हलकेच उचका. बॉल जॉइंटमध्ये उभी हालचाल दिसायला नको. आर्मच्या दोन्ही बुशांपाशी तसंच. रबर थोडं दबणारच, पण रबर आणि लोखंडी नळी वेगळी झालेली दिसली, किंवा आर्म मोकळा मागे-पुढे सरकला, तर बुश गेला. वरवरच्या बारीक तड्यांवरून निकाल देऊ नका. या वयाच्या प्रत्येक गाडीत त्या असतात. बूट फाटलेला बॉल जॉइंट मात्र आज वाजत नसला तरी बदला. तो निखळला तर चाक बाहेर पडतं, आणि कुंभार्लीत ते परवडणारं नाही.

इनोव्हावाल्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. एर्टिगात स्प्रिंग स्ट्रटवर असते, त्यामुळे खालच्या बॉल जॉइंटवर गाडीचं ओझं नसतं आणि चाक लटकवून तो तपासता येतो. जुन्या इनोव्हाला आणि क्रिस्टाला (हायक्रॉसला नाही) पुढे डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन आर्म, आणि स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर. तिथे जॅक खालच्या आर्मखाली घेऊन जॉइंट मोकळा करावा लागतो, नाहीतर स्प्रिंगच त्याला ताणून धरते आणि प्ले लपतो. शिवाय वर आणखी एक बॉल जॉइंट आहे, तो विसरू नका.

काम करून घेताना

आता गॅरेजला जाऊन ‘पुढून आवाज येतो’ म्हणायचं नाही. “डावा लिंक रॉड, खालचा जॉइंट, हलवून बघा,” असं सांगायचं. मिस्त्रीचा सूर बदलतो. मग तो यजमानांकडे बघत नाही.

लिंक रॉड आणि शॉकअप दोन्ही बाजूंचे एकदम बदला. टाय रॉड एंड किंवा आर्मचा बुश एकाच बाजूचा गेला असेल तर तेवढाच पुरतो, पण दुसरी बाजू त्याच वेळी तपासून घ्या. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सुटा मिळतो की आर्मसकट घ्यावा लागतो ते पार्टच्या दुकानात आधी विचारा, मजुरी त्यावर ठरते. स्ट्रट उघडायचं काम घरी अजिबात नको. वरचा मधला नट सोडला की दाबलेली स्प्रिंग सुटते. ती धरायला स्प्रिंग दाबून ठेवणारा कॉम्प्रेसर लागतो आणि तो वापरणारा सरावलेला हात. स्ट्रट उघडलाच आहे तर माउंटिंग, बेअरिंग आणि आतला बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर आपटू न देणारं रबर) त्याच मजुरीत बदलून घ्या.

एका गोष्टीसाठी मी गॅरेजमध्ये उभीच राहते. लोअर आर्मचे बुशवाले बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना नाही. हवेत आवळले तर खालच्या अवस्थेतच रबर पकडलं जातं, गाडी जमिनीवर आली की त्याला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो. वर्षाच्या आत पुन्हा तोच आवाज आला की लोक डुप्लिकेट माल म्हणून दुकानदाराशी भांडतात. मिस्त्री कंटाळा करेल, खाली वाकून पाना लावावा लागतो. खड्डा असलेला रॅम्प असेल तर सोपं जातं.

टाय रॉड, आर्म किंवा स्ट्रट, काहीही सुटं झालं असेल तर अलाइनमेंट त्याच दिवशी. नुसते लिंक रॉड बदलले असतील तर गरज नाही. तरीही बिलात लावली तर खोडायला सांगा. काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून मागून घ्या आणि निघण्याआधी त्याच गतिरोधकावरून, त्याच वेगात, मिस्त्रीला शेजारी बसवून एक फेरी मारा.